युमेनीस मेला नव्हता

सकाळी चहा पिता पिता विठ्ठलरावांना मोबाईलवरून कळलं, की आपण वारलो.

निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर कुशाबा सरांनी टाकलं होतं, "आपले सहकारी विठ्ठलराव यांचे दुःखद निधन. घोटावडे येथून आत्ताच समजले. भावपूर्ण श्रद्धांजली." श्रद्धांजली वाहण्यात कुशाबांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. निरोप पुरता वाचायच्या आत, ओळखीचं नाव दिसलं की हात जोडून मोकळे व्हायचे. खाली बाकीच्यांच्या जोडलेल्या हातांची रांग लागली. मग कुणीतरी गुलाबाचं फूल टाकून शुभ सकाळ म्हणालं आणि विठ्ठलरावांचा विषय संपला.

"मी जिवंत आहे," त्यांनी टाइप केलं. पाठवणार, तोच अंगठा थांबला.

घोटावडे येथून. तिथे त्यांचा धाकटा भाऊ हैबतराव राहत होता आणि त्याच्याकडे आई. म्हणजे बातमी हैबतीपर्यंत गेली होती. तो येतो का, ते बघावं असं त्यांना वाटलं. ही काही चांगली इच्छा नव्हे, हे त्यांनाही कळत होतं. तरी त्यांनी लिहिलेलं पुसून टाकलं.

टेबलावर ते लिहीत असलेल्या पर्गममच्या इतिहासाचे कागद पसरले होते. बायको, सुलक्षणाबाई, गेल्यापासून पिरंगुटच्या या फ्लॅटमध्ये त्यांना सोबत म्हणून हेच राजे उरले होते. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचं, आजच्या तुर्कस्तानातलं ते ग्रीकांचं राज्य. शेजारच्या राजघराण्यांत भाऊ भावाच्या जिवावर उठलेला, आणि इथे चार भाऊ गुण्यागोविंदाने नांदत होते. धाकटे तिघे भाले घेऊन पहारा देतात आणि थोरला त्यांच्यामध्ये निर्धास्त बसतो, यापरतं मला भाग्य नको, असं त्यांची आई म्हणायची.

त्या थोरल्याचं, युमेनीसचं, एक प्रकरण विठ्ठलरावांना सुटत नव्हतं. परमुलखात मारेकऱ्यांनी त्याच्यावर दगड लोटले. तो मेल्याची बातमी घरी पोचली. पाठचा भाऊ अ‍ॅटॅलस, त्याने मुकुट घातला, वहिनीशी लग्नही लावलं. आणि युमेनीस एका बेटावर जखमा बऱ्या होण्याची वाट बघत पडून होता. तो परतला तेव्हा अ‍ॅटॅलस मुकुट उतरवून, भाला घेऊन सामोरा गेला. युमेनीसने त्याला मिठी मारली आणि कानात एवढंच म्हणाला, की मला मेलेलं बघेपर्यंत लग्नाची घाई करू नये.

बेटावरून त्याने निरोप का धाडला नाही, यावर विठ्ठलरावांनी बरीच पानं खर्ची घातली होती. आज त्यांना वाटलं, त्यात अवघड काय आहे? माणसाला बघायचं असतं.

सुलक्षणाबाई गेल्यावर आई इथे राहायला आली होती. तिला लिफ्टची धास्ती वाटायची. दिवसभर खिडकीशी बसून ती खालची माणसं बघायची. हैबतराव आला आणि तिला परत गावी घेऊन गेला. ती खुशीने गेली, हेच विठ्ठलरावांना जास्त लागलं. थोरला मी, आई माझ्याकडेच शोभते, असं त्यांचं म्हणणं. घोटावड्याला जाऊन त्यांनी भावाला भर अंगणात नको नको ते ऐकवलं. त्याला दोन वर्षं झाली. एकटेपणा खायला उठायचा, पण फोन करतील तर शपथ.

बेल वाजली. ते धावतच दाराशी गेले. खालचा किराणावाला गनी दूध घेऊन उभा होता.

"येळ झाला, सर. दुधाची गाडी घोटावड्याकडनं येती. नदीच्या रस्त्याला आज मोटारीच मोटारी हायेत म्हनं."

"लग्न असेल."

"आसंल." गनी घुटमळला. "तुमी बरं हाय न्हवं?"

"मला काय धाड भरलीय?"

"न्हाई, आपलं इचारलं." गनी जिना उतरून गेला.

विठ्ठलरावांनी इस्त्रीचा सदरा घातला. चहाचं आधण दोन कपांचं ठेवलं आणि मग एक कप पाणी ओतून दिलं. कशाला येतोय तो? कुणी येत नव्हतं, कुणी फोनही करत नव्हतं. मेलेल्या माणसाला कोण फोन करणार म्हणा. पण आपण खरंच गेलो तर घर असंच शांत राहील, हे मनात आलं आणि त्यांना रडू फुटलं.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा पुन्हा बेल वाजली.

दारात हैबतराव होता. पायात वहाणा नव्हत्या, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. भावाला बघून त्याने चौकट धरली.

"अण्णा? तू हाईस?"

"आहे."

"कुशाबा सरांचा मेसेज दाखवला कुनीतरी. तसाच गाडीला किक मारली." घाम पुसायला त्याने उपरणं ओढलं. डोकं तुळतुळीत भादरलेलं होतं.

विठ्ठलरावांना भरून आलं. थोरल्यासाठी पाठचा भाऊ केस देतो, पण तेही दहाव्याला, नदीवर. हा वेडा बातमी ऐकताच न्हाव्यापुढे बसला असणार. दोन वर्षांचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी हैबतीला मिठी मारली आणि त्याच्या कानात म्हणाले, "मला मेलेलं बघेपर्यंत तरी थांबायचं, रे. निदान दहाव्यापर्यंत."

हैबतरावाने मिठी सोडवली.

"दहावाच हाय आज," तो म्हणाला. "आईचा. निरोपात थोरला म्हनून तुझं नाव व्हतं, सरांनी तेवढंच वाचलं आसंल. तूच अंगणात म्हनला व्हतास, अण्णा, ती मेली तरी मला कळवू नगंस."