वाट चुकली तर

ऋचाने तिसऱ्यांदा सॅक पलंगावर उपडी केली. टॉर्च, दोरी, गूळ-दाणे, पट्ट्या, जादाचे मोजे, सगळं होतं. शिट्टी तेवढी गायब. पचमढीचा अवघड चढ, आयुष्यातला पहिलाच ट्रेक, तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यात खाली नवरा स्कूटरवर बसून हॉर्नवर हॉर्न मारत होता. "अगं चल, बस निकल जायेगी!"

रात्री जेवताना तिनेच मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, "वाट चुकली की भटकायचं नाही. आहे तिथेच थांबायचं आणि शिट्टी वाजवत राहायचं." सासरे सुधाकरराव घास हातात धरून ऐकत राहिले होते.

आता ते भाजीची पिशवी घेऊन निघाले. चपला घालायला वाकले, तशी सदऱ्यातून नारिंगी दोरीची शिट्टी बाहेर लोंबली.

"अहो बाबा, मी केव्हाची शोधतेय! तुम्हाला कशाला हवी ती? पिपलानीच्या बाजारापर्यंत तर जायचंय!"

सुधाकररावांनी शिट्टी मुठीत घट्ट धरली.

"तुझ्याबरोबर माणसं आहेत गं," ते हळूच म्हणाले. "परवा मी पिपलानीच्या चौकात उभा होतो, आणि आपलं अयोध्या नगर, आपलं घर कुठल्या बाजूला, तेच आठवेना."