एकट्याची होडी

"तू घरात जा. बायकांचं काम नाही हे," आमच्या साहेबांनी फर्मावलं आणि जीपमागचा ट्रेलर सोडवून त्याला दोर बांधला. ट्रेलरवर त्यांची नवी होडी, निवृत्तीनंतरचा शौक! गॅरेजमध्ये तिच्या दोन्ही बाजूंना जेमतेम चार बोटं जागा.

मी नाखव्याची लेक. आमच्या कोळीवाड्यात होडी ओढायची हाक आली की माणसं भरल्या ताटावरून उठतात. "मागून ढकला," एवढंच म्हटलं.

"तीस वर्षं इंजिनिअर होतो मी!"

स्वारी गॅरेजमध्ये शिरली आणि आतून दोर ओढू लागली. जमीन आत उतरती, त्यामुळे होडी आली सरसर. "बघितलंस? एकट्यानं आणली!"

बघितलं. होडीचं छत वर पत्र्याला टेकलेलं. ट्रेलरखालून मांजर जाईल, ह्यांचं पोट जायचं नाही. मागे भिंत, आणि गॅरेजला दार एकच.

बऱ्याच वेळानं होडीपलीकडून हाक आली, "अगं, जरा बाहेर ओढतेस का?"

मला घरात जायला सांगितलं होतं. गेले, आणि स्वतःचं ताट वाढून घेतलं.