आन्तेचे ठोके

ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट लिंकनच्या दवाखान्यात तंत्रज्ञ ग्लेनिसने म्हाताऱ्या आन्तेच्या हृदयाचा सीटी स्कॅन केला. उभं आयुष्य मासेमारीत गेलेलं; या वयातही रक्तवाहिन्या अगदी स्वच्छ होत्या.

"काका, दहा वर्षं तरी काळजी नाही."

"म्हणजे बायकोला मला आणखी दहा वर्षं सोसावं लागणार," शर्टाची बटणं लावत तो म्हणाला.

तो गेल्यावर त्याच्या छातीवरून काढलेल्या ईसीजीच्या वायरी तिने गुंडाळल्या. पडद्यावर त्याचे ठोके मात्र चालूच होते. तिने यंत्रातूनही वायर उपसली. ठोके थांबेनात; जिवाच्या आकांताने कुणी पळत असावं तसे वाढत गेले.

मग रेष सपाट झाली.

ती खिडकीशी धावली. बाहेर बायको आन्तेला गाडीचं दार उघडून देत होती. त्याने वळून ग्लेनिसकडे पाहिलं आणि हळूच ओठांवर बोट ठेवलं.