नळ्यांतली हवा

कळंबचा श्रीपत काविळीने गेला आणि महिन्याभरात त्याची जीप पोशीरच्या एकाने घेतली. न्यायच्या दिवशी ब्रेक लागेना, म्हणून मकसूद मिस्त्री आला. त्याने काळं पडलेलं ब्रेक ऑइल काढून नवं ओतलं. आता नळ्यांतली हवा काढायची तर कुणीतरी वर बसून पेडल दाबायला पाहिजे होतं. “मी बसते,” श्रीपतची बायको येसूबाई म्हणाली. हे काम तिचंच होतं. श्रीपत चाकापाशी आडवा होऊन ओरडायचा, “दाब गं! धर! आता सोड!” आज तिथून मकसूद म्हणाला, “दाबा वैनी. धरा. सोडा.” चारही चाकं झाली. “झालं, वैनी, उतरा आता.” “अजून हवा असंल, भाऊ,” ती म्हणाली. पेडल दगडासारखं घट्ट लागत होतं, म्हणजे नळ्यांत हवा उरली नव्हती. दोघांनाही ते ठाऊक होतं. पोशीरवाल्याला थांबायची खूण करून मकसूद पुन्हा पहिल्या चाकापाशी आडवा झाला. “दाबा.”