मोटारीची कुळकथा

खेमराज मिस्त्री मोटारीखालून बाहेर आला तेव्हा त्याच्या पाठीत उसण भरली होती. उठवेना, म्हणून तो तसाच चाकाला टेकून बसून राहिला.

"गाडीच्या पुस्तकात एकेचाळीसची लिवली आहे," बकाराम म्हणाला. मोटार त्याची होती आणि त्याला ती विकायची होती.

"अडतीसची आहे," खेमराज म्हणाला. "एकेचाळीसच्या शेव्हरोलेटले गिअरचा दांडा स्टेरिंगखाली असते. हिचा पायापाशी आहे."

बकारामनं वाद घातला नाही. त्याच्या घराण्याची सौंदडची मालगुजारी, गावची जमीनदारी, जाऊन सहा वर्षं झाली होती. वडिलांच्या मागं अंगणात उभी राहिलेली ही मोटार बघून त्याचाही जीव उबगला होता.

खेमराजनं एकेक तपासत नेलं. सहा सिलिंडर. इंजिन मूळचंच, नंबर जुळत होता. डायनामो बदललेला. मैलांचा काटा कधीचा बंद पडलेला. डावीकडचं मडगार्ड ठोकून सरळ केलेलं, त्या बाजूचा दिवा दुसऱ्याच गाडीचा. मडगार्डावरचा काळा रंग चाकूनं खरवडला, तर खाली हिरवा निघाला.

दुसरं कोणी गिऱ्हाईक असतं तर काम इथंच संपलं असतं. पण गाडी बघायला पाठवलं होतं ते श्यामलाल शेठनी. तेंदूपत्त्याचे ठेकेदार. बरीच वर्षं छत्तीसगडात काढून ते दोन वर्षांपूर्वी गोंदियाला परतले होते. ही मोटार त्यांनी सौंदडला एकदा रस्त्यावरून पाहिली होती. ती कोणाकोणाच्या हातून गेली, कुठं कुठं चालली, पार पहिल्या मालकापर्यंत सगळं त्यांना हवं होतं. वेळ लागला तरी चालेल म्हणाले होते.

तीस वर्षांच्या धंद्यात असं कोणी विचारलं नव्हतं. माणूस सावध आहे, एवढंच खेमराजच्या मनात आलं. त्याची नजर आता कमी झाली होती. हे एवढं काम करायचं आणि पान्हे खाली ठेवायचे, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

पुस्तकातली जुन्या मालकांच्या नोंदीची पहिली पानं फाटलेली होती. नागपूरच्या कचेरीत त्यानं दोन खेपा घातल्या. विदर्भ मुंबई राज्यात गेला तेव्हा जुने कागद कुठं गेले, ते तिथं कोणाला सांगता येईना. शेवटी बकारामलाच आठवलं की, वडिलांनी मोटार दरेकसाच्या एका लाकूड ठेकेदाराकडून घेतली होती. ठेकेदार मेला होता, पण त्याचा ड्रायव्हर सुकराम तिथंच राहत होता.

खेमराज सकाळच्या पॅसेंजरनं दरेकसाला उतरला. सुकराम खाटेवर होता. पाय सुजलेले, धाप लागलेली. शेजारची जमुनाबाई त्याच्यापुढं पेज ठेवत होती. त्याला कोणी नव्हतं, दोन्ही वेळचं तीच बघायची.

ती बाहेर जाईपर्यंत सुकराम काही बोलला नाही. मग त्यानं विचारलं, मोटार पहिले हिरवी होती, ते दिसलं काय? खेमराजनं मान हलवली.

सुकराम थांबत थांबत सांगत गेला. एकोणपन्नास साल. ठेकेदाराचा एक दोस्त, जवान माणूस, गोंदियाहून आपली मोटार घेऊन येत होता. घाटाच्या वळणावर एक पोर चाकाखाली आली. तो थांबला नाही, मोटार सरळ वखारीत घातली. ठेकेदारानं मडगार्ड ठोकून घेतलं, काळा रंग मारला आणि मोटार ठेवून घेतली. दोस्त दुसऱ्या दिवशीच निघून गेला. त्याचं नाव सुकरामला कधी कळलं नाही. तोंड उघडलं तर जंगलात गाडून टाकीन, असं ठेकेदारानं त्याला बजावलं होतं.

"पोट्टी कोणाची होती?" खेमराजनं विचारलं.

सुकरामनं दाराकडं पाहिलं. "हिचीच. येकच होती."

"हिले मालूम आहे?"

"आठ वर्सं झाली, हिच्या हातचं खाऊन राहिलो. रोज वाटते, आज सांगीन. मंग थे ताट पुढं ठेवते, अन् तोंडच उघडत नाही माझं."

परतताना जमुनाबाई पायवाट दाखवायला स्टेशनापर्यंत आली. गाडीचा धूर दिसला तेव्हा म्हणाली, "तुमी मोटारीचं काम करता न जी? पहिले मी हर मोटारवाल्याले इचारत होती. आता थकली. नाही इचारत."

तिला सांगायला खेमराजजवळ एक नावही नव्हतं. तो डब्यात चढला आणि खिडकीपासून लांब बसला.

गोंदियाला पोचेपर्यंत त्यानं ठरवलं की, त्या घरचं दुःख गिऱ्हाइकापुढं मांडायचं नाही. मोटार घेऊ नका, एवढं सांगितलं की पुरे.

दुसऱ्या दिवशी तो श्यामलाल शेठच्या ओसरीवर गेला. शेठनी चहा सांगितला. मोटार अडतीसची आहे, इंजिन चांगलं आहे, हे त्यांनी ऐकून घेतलं. किंमत विचारली नाही. गिअर, ब्रेक, काहीच विचारलं नाही.

"पण घेऊ नका, शेठ," खेमराज म्हणाला. "एकोणपन्नासात हे गाडी हिरवी होती. दरेकसाच्या घाटात हिच्याखाली एक जीव गेला."

कोणाचा, ते त्यानं सांगितलं नाही.

शेठनी कपाला हात लावला नाही. चहावर साय धरली. काम झालं असं समजून खेमराज गुडघ्यावर हात टेकून उठला, टोपी घातली आणि पायरी उतरला.

"मिस्त्री," मागून शेठचा आवाज आला, कसाबसा ऐकू येईल इतका. "त्या पोट्टीची माय... आहे काय अजून?"