रबराचा मासा

टीव्हीवर तीन तोंडांचा शार्क आख्खं हेलिकॉप्टर गिळत होता आणि आई खदखदून हसत होती.

बाबांची होडी वादळात गेली, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून आई बंदरावर फिरकली नाही. शार्कचे असले भिकार सिनेमे मात्र एकही सोडत नाही.

"कसं बघवतं गं तुला हे?" मी चिडून विचारलं.

"सगळं खोटं आहे गो. रबराचा आहे तो मासा."

तेवढ्यात सिनेमातल्या लाटेने एक तुटका हात किनाऱ्यावर आणून टाकला. अंगठी ओळखून नायिकेने हंबरडा फोडला.

आईचं हसू थांबलं. बाबांचा देह सापडला नाही म्हणून कोळीवाड्याने फोडू न दिलेल्या हिरव्या बांगड्या ती मनगटावर फिरवत राहिली.

"बघ, रबराचा असूनही त्याने हात तरी परत दिला."