भिंगाचा कायदा

"सन्माननीय अध्यक्षा," मोनाली म्हणाली, "सरकारी खाती एकाच विषयावर संशोधन करतात आणि एकमेकांना सांगतही नाहीत! म्हणून हे संशोधन समन्वय विधेयक. प्रत्येक खात्याने आपली यंत्रं आणि निष्कर्ष दुसऱ्या खात्याला द्यायचेच."

भडगावच्या एका शाळेत युवा संसद भरली होती. अध्यक्षा हेमलता मॅडम, मंत्री मोनाली, विरोधी पक्षनेता कुंदन. पहिल्या रांगेत हायस्कूलच्या प्रयोगशाळेचे चुडामण सर आणि ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेचे जीवराम सर. मध्ये एक खुर्ची रिकामी.

मोनालीच्या टेबलावर हायस्कूलचा सूक्ष्मदर्शी होता. त्याचं भिंग कॉलेजच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली जीवराम सरांच्या खिशात. शेजारी बाटलीत कपाशीचं बोंड. त्यावरची बोंडअळीची अंडी सकाळी लाल पडली होती, म्हणजे आजच फुटणार. मोनालीला ती फुटताना बघायची होती. नुसत्या डोळ्यांना ठिपकेच दिसत होते.

कुंदन उठला. "मंत्रीमहोदया, एका खात्याचं यंत्र दुसऱ्याने फोडलं तर?"

चुडामण सर खाकरले. जीवराम सर छताकडे बघू लागले.

"फोडेल त्याने भरून द्यायचं. पण कपाटात ठेवून कुणी काही शोधलंय का?"

बाकं वाजली. विधेयक मंजूर. टाळ्या दोन्ही सरांनी वाजवल्या, जीवराम सरांनी जरा जास्तच.

मोनालीने सरळ त्यांच्यासमोर जाऊन हात पुढे केला. "सर, किल्ली."

"अगं बेटा, हे नाटक आहे."

"टाळ्या तर खऱ्या वाजवल्या की!"

"मग चुडामण सरांनी मागावी. रीतसर."

"मी का मागू?" चुडामण सर रिकाम्या खुर्चीला म्हणाले.

मोनाली गर्रकन वळली. "अध्यक्षा, दुरुस्ती! कायदा आत्तापासून लागू, आणि याच शाळेपासून."

"बठ्ठासले मंजूर शे! सगळ्यांना!" कुंदन विरोधी बाकावरून ओरडला.

मॅडमनी हसू दाबत हातोडा आपटला. "जीवराम सर, सभागृह वाट बघतंय."

किल्ली निघाली. कुंदन पळत जाऊन भिंग घेऊन आला. चुडामण सरांनी ते बसवलं, अंडी काचेवर ठेवली आणि वाकले.

"हलतंय काहीतरी."

"बघू." जीवराम सर रिकामी खुर्ची ढकलून पुढे आले. "सरका जरा."

"थांबा हो, डोकं बाहेर येतंय!"

"मग मलाही दिसू द्या की!"

दोघांची डोकी एकमेकांवर आपटली, तरी कुणी मागे हटेना.

त्यांच्या पाठीमागे मोनाली टाचा उंचावून उभी होती.

"सर," ती म्हणाली, "विधेयक माझं होतं."